पत्र्याच्या पेटीतली माणसे

फोटोग्राफी हा एकट्याने करायचा छंद आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी फिल्मच्या दिवसांत आलापल्लीला एक पावसाळा काढायला हवा होता. बटण दाबायला बोट एकच लागते, हे खरे. पण कॅमेऱ्यात रोल घातल्यापासून प्रिंट हातात पडेपर्यंत जे दोन-तीन महिने जात, ते एकट्याने काढणे कुणाला शक्य नव्हते. त्याला चार माणसे लागत, चहा लागे आणि भरपूर बोलणे लागे. आज फिल्मची आठवण काढणारी मंडळी तिच्या रंगांबद्दल आणि पोताबद्दल हळवी होतात. मला मात्र ते बोलणे आठवते. ते गेल्यामुळे आपले नेमके काय बुडाले, हे आता, पस्तीस वर्षांनी कळू लागले आहे.

१९८७ ते १९९१ या काळात मी आलापल्लीच्या शाखेत बँक अधिकारी होतो. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी करीत एसटी आष्टीला वैनगंगा ओलांडायची आणि पुढे जे सागवान सुरू व्हायचे ते संपायचे नाव घेत नसे. गडचिरोली जिल्हा १९८२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला होता, त्याला पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. बदलीचा हुकूम आला तेव्हा नागपुरातल्या सहकाऱ्यांनी ज्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिले, तो चेहरा मी पुढे एका कादंबरीत जसाच्या तसा वापरला आहे.

आम्ही चौघे होतो. वनखात्यातले एक रेंजरसाहेब, हायस्कुलातले चित्रकलेचे सर, बसस्टँडच्या बाजूला फोटो स्टुडिओ चालवणारे भाऊ आणि मी. रेंजरसाहेबांकडे रशियन झेनिट होता. त्याचे वजन इतके, की फोटो नाही निघाला तरी अस्वल हाकलायला उपयोगी पडेल, असे भाऊ म्हणत. सरांकडे बडोद्याला बनलेला अग्फा क्लिक थ्री, एका रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा. माझ्याकडे पगारवाढीच्या थकबाकीतून घेतलेला पेंटॅक्स के-१०००. भाऊंचा धंद्याचा कॅमेरा याशिकामॅट. त्यात वरून मान खाली घालून पाहावे लागे, त्यामुळे फोटो काढणारा समोरच्याला नमस्कार करतो आहे असे वाटे. सरांच्या मते त्यामुळेच भाऊंनी काढलेल्या फोटोंत माणसे इतकी मोकळी दिसत.

बैठक संध्याकाळी, स्टुडिओच्या पायरीवर. विषय ठरलेला नसे. निम्म्या वेळा तर तो पाण्याचा असे. काळ्या-पांढऱ्या फिल्मचे डेव्हलपर वीस अंश सेल्सिअसला वापरावे, असे पुस्तकात लिहिलेले असते. मे महिन्यात आमच्याकडे नळाचे पाणी हाताला चटका देई. अशा पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, सुरकुततो, कधी सायीसारखा निघूनही येतो. म्हणून भाऊंनी घरातला सर्वांत मोठा माठ डार्करूममध्ये नेऊन ठेवला होता आणि वहिनींना प्यायचे पाणी शेजारून आणावे लागे. ‘फोटोला थंड पाणी, आम्हाले आडाचं,’ असे त्या आम्हाला ऐकवीत. त्यांचे चुकत नव्हते.

पावसाळ्यात प्रश्न उलटा. लेन्सवर बुरशी धरायची. एकदा ती कोळ्याच्या जाळ्यासारखी आत पसरली की संपले. त्यावर सरांनी तोड काढली होती: एका पेटीत पंधरा वॅटचा दिवा सतत जळत ठेवायचा आणि कॅमेऱ्याशेजारी सिलिका जेलची पुरचुंडी ठेवायची. ते दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की तव्यावर परतायचे, पुन्हा निळे होईपर्यंत. माझ्या सौभाग्यवतीने असा तवा एकदा पाहिला आणि त्यावर पुन्हा पोळी भाजली नाही.

रंगीत रोल आम्हाला गावात धुता येत नसे. त्याचे रसायन अडतीस अंशांना चालते आणि अर्ध्या अंशाचा फरकही त्याला सोसत नाही. तो रोल ओळखीच्या कंडक्टरच्या हाती नागपूरला जाई आणि पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने परत येई. म्हणून आमची भिस्त काळ्या-पांढऱ्यावर. त्यातही दोन पर्याय: उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ किंवा पूर्व जर्मनीहून येणारी ‘ऑर्वो’. सर ऑर्वोचे कट्टर भक्त. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडल्याची बातमी रेडिओवर ऐकली तेव्हा आम्ही तिघे स्वातंत्र्य, साम्यवाद असे काही बोलत होतो. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आता ऑर्वोचं काय होणार?’ आम्ही हसलो. पण खरेच, पाच वर्षांच्या आत तो कारखाना कोसळला. उटीचा आमच्या सरकारी कारखानाही पुढे बंद पडला.

रोल छत्तीसचा, आणि तो तीन महिने पुरवायचा. एकाच रोलवर पोळ्याचे बैल, गणपती, सीताफळांचे ढीग आणि दिवाळीला आलेली मेहुणी, असा क्रम असायचा. प्रत्येक फोटो काढण्याआधी त्याची चर्चा, काढल्यावर चर्चा, आणि न काढलेल्या फोटोंची तर सर्वांत जास्त. रेंजरसाहेबांनी एकदा भामरागडच्या वाटेवरच्या राखीव तुकड्यातला एक प्रचंड साग आठ वेळा काढला. हा तोच सहा हेक्टरांचा तुकडा, जो ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून ओळखला जातो आणि २०१४ मध्ये राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ ठरला. रोल धुऊन कॉन्टॅक्ट प्रिंट निघाली. म्हणजे निगेटिव्हच्या पट्ट्या तशाच कागदावर ठेवून छापलेले पोस्टाच्या तिकिटाएवढे फोटो. ते पाहायला मी बँकेतले सह्या पडताळायचे भिंग घेऊन जात असे. भाऊंनी ते भिंग डोळ्याला लावले, आठही चौकटी पाहिल्या आणि विचारले, ‘साहेब, झाड काढलं का झाडाखालचा अंधार काढला?’

त्यावर तीन दिवस बोलणे चालले. पावसाळ्यात सागाचे पान सुपाएवढे होते, खाली उजेड म्हणून राहत नाही. उन्हाळ्यात पाने झडतात, उजेड येतो, पण मग तो साग उघडाबोडका दिसतो. मग झाडाचा फोटो काढायचा कधी? सरांचे म्हणणे, अंधारच काढावा, तीच इथली खरी गोष्ट. ‘छायाचित्र’ हा शब्द उगाच आलेला नाही. रेंजरसाहेबांना झाडाचा घेर दिसायला हवा होता, कारण त्यांच्या दृष्टीने साग म्हणजे शेवटी घनमीटर. नववा फोटो त्यांनी ऑक्टोबरात, सकाळी, झाडाला टेकून एका वनमजुराला उभे करून काढला. तो माझ्या घरात आजही भिंतीवर आहे. तो कुणी काढला असे विचारले तर मी प्रामाणिकपणे म्हणेन, चौघांनी.

फिल्म महाग होती, प्रिंट उशिरा मिळायची, निम्मे फोटो वाया जायचे, या सगळ्याला आम्ही तेव्हा शिव्याच घालीत होतो. पण त्या अडचणींमुळे प्रत्येक फोटोभोवती बोलण्याचे एक वेष्टण तयार होई. कुणाचा फोटो, कोणत्या दिवशीचा, त्या दिवशी काय झाले होते, हे चार डोक्यांत साठत जाई. त्याचा उपयोग काय, हे १९९० मध्ये एकदा चांगलेच दिसले.

पेरमिलीकडच्या एका गावातला माडिया तरुण बँकेत आला. त्याच्या वडिलांनी काही वर्षांपूर्वी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून बैलजोडीसाठी कर्ज घेतले होते. आता वडील वारले होते. मला वाटले, कर्जमाफीबद्दल विचारायला आला असेल. त्याला फोटो हवा होता. कर्जाच्या अर्जावर चिकटवलेला, पासपोर्ट आकाराचा. वडिलांचा जगात तेवढाच एक फोटो होता. फायलीतला कागद काढून देता येत नाही हा नियम, आणि तो योग्यच आहे. शिवाय त्या फोटोवर बँकेचा शिक्का अर्धा कपाळावर, अर्धा अर्जावर असा बसलेला. मी त्याला संध्याकाळी पायरीवर नेले.

भाऊंना माडिया आणि तेलुगू दोन्ही येत. त्यांनी त्याची चौकशी केली, रजिस्टर काढले. पण त्या नावाची पाच-सहा माणसे निघाली आणि पाकिटांवर नुसते क्रमांक. मी सांगितले की फायलीतल्या फोटोत म्हातारबाबांच्या अंगात कोट आहे. तो कोट स्टुडिओचाच. फणी, पावडरचा डबा आणि तो काळा कोट ही सगळ्या गावाची मालमत्ता होती.

‘बाही कशी हाय जी? शिवलेली का कुरतडलेली?’ भाऊंनी विचारले.

दुसऱ्या दिवशी मी फाईल उघडून भिंगाने पाहिले. शिवलेली होती. उंदराने कोटाची बाही कुरतडली ती कोणत्या वर्षी, यावर सरांनी आणि रेंजरसाहेबांनी बराच वाद घातला. शेवटी ठरले, पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडची गाडी चार दिवस आली नव्हती त्या पावसाळ्यात, आणि पोळ्याच्या आत ती शिवून आली. म्हणजे पाकिटे अमुक ते तमुक. तासाभरात निगेटिव्ह सापडली. भाऊंनी त्याच रात्री पोस्टकार्डाच्या आकाराची प्रिंट काढली, शिक्का नसलेली. तो तरुण ती बराच वेळ हातात धरून बसला. पैसे भाऊंनी घेतले नाहीत. महिन्याभराने तो चारोळीची पुडी घेऊन आला, ती मात्र घेतली.

भाऊंचा नियमच होता: ज्याला प्रिंट देणार नाही त्याचा फोटो काढायचा नाही. आमच्या चौघांत तो सगळ्यांना लागू. बाजारात दागिने घातलेल्या माडिया बायका दिसल्या की बाहेरून आलेल्या पाहुण्यांचे हात शिवशिवत. भाऊ विचारीत, ‘पत्ता घेतला का? फोटो पाठवसान ना?’ पाहुणे गडबडून जात. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड छापले. जातीजमातींचे नमुने म्हणून माणसे उभी करून काढलेले फोटो. त्या माणसांपैकी कितीजणांना आपला फोटो पाहायला मिळाला असेल? भाऊंनी ते खंड पाहिले नव्हते, पण त्यातला दोष त्यांनी अचूक ओळखला होता, असे मला वाटते.

याच्या उलट उदाहरण अगदी शेजारचे आहे. प्राणहितेच्या पलीकडे, आदिलाबादच्या गोंडांमध्ये ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात राहिला. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे त्याचे पुस्तक १९४८ चे. त्याचे फोटो लंडनच्या एका शिक्षणसंस्थेत जतन केलेले आहेत आणि ते आजही बोलतात, कारण त्यासोबत त्याने टिपणे ठेवली. नदीच्या अलीकडची टिपणे मात्र कागदावर नव्हती. ती स्टुडिओच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांच्या डोक्यात होती.

भाऊ जाऊन आता बरीच वर्षे झाली. दुकानात त्यांचा मुलगा झेरॉक्स काढतो, ऑनलाइन अर्ज भरून देतो, दोन मिनिटांत पासपोर्ट फोटो छापतो. धंदा चांगला आहे. मागच्या वर्षी त्याचा फोन आला. ‘काका, मागची खोली पाडतो आहे. बाबांच्या निगेटिव्हच्या पेट्या आहेत. एक्स-रे घेणारा भंगारवाला म्हणतो, चांदी निघते, किलोवर घेतो. देऊ का?’ चांदी निघते हे खरेच आहे. फिल्मवरचा काळा भाग म्हणजे चांदीचे कणच असतात. मी त्याला म्हटले, दोन दिवस थांब.

सात पत्र्याच्या पेट्या. झाकण उघडले तेव्हा व्हिनेगरसारखा वास आला. फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया कुजू लागला की ते आम्ल सुटते आणि एका पट्टीची लागण शेजारच्या पट्टीला होते. काही गठ्ठे चिकटून वीट झाले होते. काहींवर बुरशीची नक्षी. तरी अर्ध्याहून जास्त शाबूत. रजिस्टरे मात्र दोनच उरली होती, बाकीची वाळवीने संपवली. म्हणजे हजारो चेहरे होते आणि नाव एकालाही नाही.

खिडकीशी धरून मी काही पट्ट्या पाहिल्या. लग्ने, बारसे, दहावीची बॅच, तेंदूच्या फडीवरचा मुनशी, बंगाली वसाहतीतले एक कुटुंब, नवी सायकल घेऊन उभा पोस्टमन. मागे सरांनी रंगवलेला ताजमहालाचा पडदा. सरांनी आधी हौसेने सागाचे जंगल रंगवले होते. गिऱ्हाईक म्हणाले, जंगल तर घरी हायच, काही वेगळं दाखवा. तो पडदा मग टेबलावर अंथरायला गेला.

गडचिरोली म्हटले की वर्तमानपत्राच्या वाचकाला कोणते फोटो आठवतात? भूसुरुंगाने उडालेली गाडी, झाकलेली प्रेते, बंदुका घेतलेले जवान. १९८० मध्ये नक्षलवादी नदीपलीकडून आले आणि त्यानंतरची चार दशके या जिल्ह्याची बाहेर गेलेली जवळजवळ प्रत्येक प्रतिमा हीच. त्या घटना खोट्या नाहीत. माझ्या काळात कॅमेरा गळ्यात अडकवून जंगलात जाणाऱ्याकडे दोन्ही बाजू संशयाने पाहत, त्यामुळे साधे फोटो मुळातच कमी निघाले. पण त्याच वर्षांत इथे लोक लग्ने करीत होते, सायकली घेत होते, केसांना पावडर लागेल म्हणून मान वाकडी करून कॅमेऱ्यासमोर बसत होते. त्याचा पुरावा पेटीत आहे, आणि तो किलोवर जाणार होता. कुठे तरी, अहेरीला, सिरोंच्याला, गडचिरोलीला, चंद्रपूरला असाच गेलाही असणार. ज्या दादासाहेब फाळक्यांनी स्वतः गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढून सुरुवात केली होती, त्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा आपल्याला पुरता राखता आला नाही. मग आलापल्लीच्या पोस्टमनची काय कथा!

याचा अर्थ फिल्मच चांगली होती आणि मोबाइल वाईट, असे मी म्हणतो आहे असा समज करून घेऊ नका. त्या मताच्या मंडळींत मी बसत नाही. एका लग्नाचा पूर्ण रोल उजेड लागून गेला तेव्हा नवऱ्या मुलीच्या आईचा चेहरा मी पाहिला आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात तारेला पाय लागताच उडणारा फ्लॅश लावून वाघाचे फोटो काढले, त्यामागचे कष्ट वाचून थक्क व्हायला होते. आज ते काम जंगलात टांगलेले डिजिटल डबे मुकाट्याने करतात आणि व्याघ्रगणना त्यावर चालते. सर्वांत मोठा बदल तर वेगळाच. मागच्या वर्षी आलापल्लीच्या बसस्टँडवर एक माडिया मुलगी आपल्या आजीला ‘अशी बस, तशी बस’ करीत मोबाइलवर फोटो काढत होती. तिला कुणाकडे प्रिंट मागायची गरज नव्हती. भाऊंचा नियम तिच्यापुरता निकालात निघाला आहे, आणि ते भाऊंना आवडले असते.

माझी तक्रार त्या आठ हजार फोटोंबद्दल आहे जे काढले जातात आणि ज्यांच्याबद्दल कुणी कुणाशी एक शब्द बोलत नाही. त्याच फेरीत नागपूरचे दोन तरुण भेटले. आजोबांचा कॅमेरा दुरुस्त करून फिल्मवर फोटो काढत होते. रंगीत रोलला आज हजाराच्या आसपास मोजावे लागतात. मला आधी वाटले, नवी फॅशन. पण ते सागाखाली उभे राहून अर्धा तास एका चौकटीवर वाद घालत होते, आणि वाद तोच होता: झाड की अंधार. मी त्यात पडलो नाही, हे माझ्या स्वभावाविरुद्ध आहे.

पेट्या मी नागपूरला आणल्या. स्कॅन करून घेणे सोपे आहे, पैसे टाकले की होते. पण स्कॅन केलेला बिननावाचा चेहरा हा बिननावाचाच राहतो. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथे माडिया, गोंडी, तेलुगू बोलणारी मुले शिकतात. त्यांनी गावोगावच्या जुन्या स्टुडिओंतून या पेट्या सोडवून आणाव्यात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चादर लावून एकेक चेहरा दाखवावा आणि ‘हे कोण?’ एवढेच विचारावे. म्हाताऱ्यांचे भांडण सुरू होईल, तेच लिहून घ्यावे. हे पाच-दहा वर्षांत झाले तर झाले. नंतर स्कॅन असतील, पण भांडणारे नसतील.

आणि हे फक्त आलापल्लीचे नाही. तुमच्या घरात अल्बमच्या मागच्या खिशात निगेटिव्हच्या पट्ट्या असतील, किंवा माळ्यावर, पत्र्याखाली, जिथे त्यांना सर्वांत जास्त ऊन लागते. त्या खाली काढा, कोरड्या आणि त्यातल्या त्यात थंड जागी ठेवा. कडेने धरा, बोट लावू नका. आणि आजी-आजोबा अजून असतील तर त्यांच्याशेजारी बसून विचारा. उत्तर पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई फिल्मला उतरते.

रेंजरसाहेब २०२१ च्या साथीत गेले. सर ब्याऐंशीचे आहेत, मोतीबिंदूच्या दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या आहेत आणि स्मरण लख्ख आहे. दर गुरुवारी दुपारी ते माझ्याकडे येतात. भिंग तेच नाही, ते बँकेत जमा झाले, पण तसेच आणले आहे. आतापर्यंत तीनशेच्या वर चेहऱ्यांना नावे लागली आहेत. अर्ध्यांना पूर्ण नाव नाही. ‘सॉ मिलवाल्याची थोरली’, ‘नागेपल्लीचा शिंपी’, ‘पोलिओ झालेला हुशार मुलगा’ असेच लिहिले आहे. गेले तीन आठवडे मात्र आम्ही एका निगेटिव्हवर अडलो आहोत. छत्री घेतलेली एक बाई, मागे बाजार, ती हसते आहे. सर म्हणतात अहेरीचा बाजार, मी म्हणतो आलापल्लीचा, कारण मागे जे झाड आहे ते आमच्या बँकेसमोरचे. सर म्हणतात, बँकेसमोर झाडच नव्हते.